भोर ते वेल्हे : एका सुकाणूची चिकित्सा

गेल्या वैशाखात एके दिवशी सकाळी आम्ही भोरच्या एस. टी. स्थानकावर उभे होतो, तेव्हा आमच्या काखेत जुन्या गोधडीत गुंडाळलेली, सुमारे चार फूट लांबीची एक जड वस्तू होती. वाहकाने प्रथम वस्तूकडे व नंतर आमच्याकडे पाहिले आणि "गुरुजी, हे काय घेतलंय?" असा प्रश्न केला. आम्ही उत्तर दिले, "सुकाणू." "कशाचं?" "होडीचे." "आणि चाललाय कुठं?" आम्ही म्हटले, "वेल्ह्याकडे." होडीचे सुकाणू घेऊन तोरण्याच्या पायथ्याकडे निघालेला उतारू त्या गृहस्थाने पूर्वी पाहिला नसावा. सामानाचे तिकीट फाडावे की न फाडावे याचा निर्णय त्याला होईना. अखेर "मागच्या बाकाखाली सरकवा" असे म्हणून त्याने घंटी ओढली.

हे सुकाणू आमचे नव्हे, आमच्या धाकट्या बंधूंचे. ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले. तेथील जलाशयावर शिडाची होडी हाकण्याचा त्यांस जो नाद लागला, तो लष्करातील साऱ्या नोकरीत सुटला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईहून एक जुनी, पंधरा फुटांची, काचतंतूंची, म्हणजे लोकभाषेत 'फायबर'ची होडी विकत घेतली, मालमोटारीवर घालून भोरास आणली आणि रीतसर परवानगी काढून भाटघरच्या पाण्यात सोडली. नाव ठेवले 'टिटवी'. आमच्या घराण्यात समुद्राशी कोणाचा संबंध आलेला नाही. वैदिकी, शिक्षकी आणि काही पिढ्यांची कुलकर्ण्याची दप्तरे एवढाच आमचा इतिहास. सबब बंधूंच्या या नादाकडे वडीलधारी मंडळी कौतुकापेक्षा काळजीनेच पाहत. तीन वर्षांपूर्वी बंधू गेले आणि 'टिटवी' त्यांच्या मुलीकडे आली. ही आमची पुतणी पुण्यास नोकरी करते. परंतु रविवारी भोरास येऊन होडी पाण्यात घातल्याखेरीज तिला चैन पडत नाही. आमच्या भावजयीचे म्हणणे असे की, होडी विकून टाकावी. या दोघींच्या मधोमध थोरले म्हणून आम्ही. आणि पुढील हकीकतीत जो दोष आहे तो आमचाच आहे.

ज्या वाचकांनी भाटघर पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. भोरापासून अगदी जवळ वेळवंडी नदीवर हे दगडी धरण १९२७-२८ च्या सुमारास उभे राहिले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या नावावरून त्यास लॉइड धरण म्हणत. आज जलाशयास येसाजी कंकांचे नाव आहे. २३.५ अब्ज घनफूट पाणी त्यात मावते, आणि पाणी ठराविक पातळीस चढले म्हणजे माणसाचा हात न लागता उघडणारे ४५ दरवाजे हे आजही पाहुण्यांस दाखविण्याचे स्थळ आहे. धरण झाले तेव्हा भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले, आणि ज्या राजवाड्यात दरबार भरत त्यात आता चित्रपटवाले तळ देतात. खोरे बुडाले ते आमचे, आणि ऊस उभा राहिला तो नीरेच्या कालव्यांवर बारामती-फलटणाकडे. पण हे गाऱ्हाणे आता फार जुने झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे प्राचीन देवालय पाण्यातून वर येते, आणि त्याबरोबर जुनी जोती, बांध, झाडांचे बुंधेही डोके वर काढतात. पाहणारास ती मौज वाटते. होडी हाकणारास तेथेच धोका असतो.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात अशाच एका बुडालेल्या दगडास 'टिटवी'चे सुकाणू आपटले. खालच्या टोकास कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या. आणि वर, जेथे सुकाणूची मान होडीच्या पिछाडीखाली उतरते तेथे, एक आडवी, केसाएवढी रेघ दिसू लागली. त्या रेघेतून अधूनमधून तपकिरी पाणी पाझरे. पुतणीचे म्हणणे होते की, जाणत्या माणसास दाखवावे. आम्ही म्हटले, एवढ्यासाठी जाणता कशाला? मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरण्याची पुट्टी बाजारातून आणली, पाझरणारी रेघ तिने बुजविली, टोकाच्या जाळीवरही हात फिरविला आणि वर पांढरा रंग दिला. काम इतके सुबक उतरले की आम्ही ते शेजाऱ्यांसही दाखविले. पाझर थांबला. आम्हांस वाटले, रोग गेला.

त्याच वर्षीच्या कार्तिकात आमची पुतणी व आमचा आठ वर्षांचा नातू अशी दोघे होडीत होती. दुपारी खोऱ्यातून वाऱ्याचा झोत आला. पुतणीने सुकाणूचा दांडा जोराने ओढला. दांडा वळला, पण होडी वळेना. मान आतून मऊ झाली होती, तेव्हा वर दांडा एकीकडे आणि पाण्यातले पाते दुसरीकडे अशी अवस्था झाली. होडी वाऱ्यास आडवी झाली आणि खडकाळ काठाकडे वाहत निघाली. पुतणीने प्रसंगावधान राखून शीड सोडून दिले व वल्ह्याने होडी सावरीत काठास आणली. दोघांच्या अंगांत तरंगती जाकिटे होती. कोणास इजा झाली नाही. आम्ही हे सर्व काठावर उभे राहून पाहत होतो. त्या दहा मिनिटांविषयी अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाही. भावजय त्या रात्री जेवल्या नाहीत, त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "अण्णा, तुम्ही नीट केलं होतं ना ते?"

असो. एस. टी. कापूरव्होळास हमरस्त्यास लागली, चेलाडी फाट्यावर आम्ही उतरलो आणि वेल्ह्याची गाडी धरली. नसरापूर मागे पडले. बनेश्वराची झाडी डाव्या-उजव्या हातांच्या घरांआड गेली. आणि पुढे गुंजण मावळात शिरताच राजगड व तोरणा हे दोघे समोर उभे राहिले. वेल्हे तालुक्यास आता राजगडाचेच नाव देण्यात आले आहे, पण गाडीच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. मार्गासनीच्या अलीकडे एका फाट्यावर आम्ही उतरलो. तेथे फायबरचे काम करणारा एक कारागीर राहतो. देवळांचे कळस, गणपतीची मखरे, पाण्याच्या टाक्या, मिरवणुकीचे घोडे असली कामे तो करतो. पण तरुणपणी मुंबईस बोटींच्या कामावर दहा वर्षे होता, हे आम्हांस एका माजी विद्यार्थ्याकडून कळले होते. अंगणात एक बिनशेपटीचा घोडा आणि एक अर्धा कळस यांच्यामध्ये आम्ही आमची गोधडी सोडली.

त्याने सुकाणू प्रथम नुसते उचलले, दोन्ही हातांवर तोलले आणि म्हणाला, "हे आतून प्यालंय, गुरुजी." मग काट्यावर ठेवले. वजन भरले ९.२ किलो. एवढ्या मापाचे पाते साडेसहाच्या वर जाऊ नये, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर त्याने खिशातून एक रुपयाचे नाणे काढून पात्यावर बोटाबोटाच्या अंतराने ठोकण्यास आरंभ केला. आमच्या लहानपणी बाया बाजारात माठ घेताना अशाच ठोकून पाहत. मधल्या भागी टणटण असा आवाज होता. मानेकडे येता येता तो बद्द झाला. जेथे आवाज बदलला तेथे त्याने पेन्सिलीने खुणा केल्या आणि त्या जोडल्या, तेव्हा भूगोलाच्या नकाशातील एखाद्या बेटाप्रमाणे आजाराची सीमा स्पष्ट दिसू लागली.

येथे या वस्तूची घडण सांगितली पाहिजे. असले सुकाणू भरीव नसते. काचतंतूंचे कापड राळेत भिजवून साच्यात दोन टरफले घडवितात, डावे आणि उजवे. ती कडेने जोडतात आणि मधल्या पोकळीत हलका फोम भरतात. डोक्याकडे बोल्ट आरपार घालून लोखंडी खुंट बसविलेले असतात, ते होडीच्या पिछाडीवरील कड्यांत बिजागरीप्रमाणे फिरतात. टरफल बळ देते, फोम त्यास आकारात धरून ठेवतो. फोम कुजला की टरफले एकमेकांपासून सुटतात आणि वाकू लागतात. आम्हांस वाटले होते की, दगडाने टोकास पडलेल्या जाळीतूनच पाणी आत गेले. कारागिराने ती जाळी कानशीने खरवडली. रेषा वरच्या रंगथरातच संपल्या. खालचे कापड शाबूत होते. "हिचा काही गुन्हा नाही," तो म्हणाला. मग त्याने खुंटांचे बोल्ट काढले. भोकांभोवतीचे जुने रबरासारखे सारण वाळून चुरा झाले होते आणि आतील फोम काळा पडला होता. पाणी वर्षानुवर्षे येथून, बोल्टांच्या कडेने, झिरपत होते. दगडाचा आघात निमित्तमात्र. आधीच मऊ झालेली मान त्या हिसक्याने तडकली आणि त्या तडीतून पाणी बाहेर वाहू लागले.

नंतर त्याने पात्याच्या खालच्या टोकास गिरमिटाने दोन बारीक भोके पाडली. चहाच्या रंगाचे, घाणेरड्या वासाचे पाणी धार धरून बाहेर आले. ते पाहत असता तो सहज विचारता झाला, "मानेवरची चीर कुणी बुजवली?" आम्ही घटकाभर गप्प राहिलो, मग म्हणालो, "आम्ही." तो हसला नाही. "ही पाणी यायची वाट नव्हती, गुरुजी. जायची होती."

पस्तीस वर्षे आम्ही मुलांच्या वह्या तपासल्या. उत्तर बरोबर पण रीत चूक असेल तर निम्मे गुण कापणारा शिक्षक म्हणून आमची ख्याती होती. त्या अंगणात बसून आम्ही आमचे गुण स्वतःच कापले, आणि निम्मेच कापले असे नाही.

चहा आला तेव्हा गोष्टी पानशेतवर गेल्या, आणि जाणारच; कारण ते धरणही याच तालुक्यात, आंबी नदीवर आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले तेव्हा आम्ही दीड वर्षाचे होतो. आमचे घर पुण्यास नदीकाठच्या पेठेत होते. आईने आम्हांस खांद्यावर घेऊन जिना चढल्याची गोष्ट आम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. तेथेही बांध वरून गेला नव्हता. मातीच्या भरावाखालून पाणी सोडण्याचा जो बंदिस्त मार्ग होता, त्याचे काँक्रीट विनासळईचे होते. तो खचला आणि त्याच्या मागोमाग वरची माती बसत गेली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्या पोत्यांनी धरण वाचले नाही, पण काही तास मिळाले, आणि पूर रात्री न येता दिवसा आला. आमची आई त्या अनोळखी जवानांस जन्मभर दुवा देत असे. बंधूंनी पुढे लष्कर पत्करले त्यास हे एक कारण असावे, असे आम्हांस वाटते.

दुरुस्तीचा पहिला महिना काहीच न करण्यात गेला, आणि तोच सर्वांत कठीण होता. मानेवरील टरफल एका बाजूने कापून कुजका फोम खरवडून काढला. बाकीचे पाते पत्र्याच्या शेडखाली उभे टांगून ठेवले. दर आठवड्यास आम्ही जात असू व वजन करीत असू. काढलेल्या फोमाचा हिशेब वजा घालता पाणी असे उतरत गेले : प्रथम एक किलो, मग सातशे ग्रॅम, मग तीनशे, मग शंभर. लागोपाठ दोन वजने सारखी भरत नाहीत तोवर कारागीर हात लावणार नव्हता. कारण ओल्या अंगावर राळ चिकटत नाही, आणि चिकटल्यासारखी दिसली तरी पुढे सुटते. इकडे आम्हांस घाई झाली होती, कारण वेल्ह्याचा पाऊस म्हणजे ढोल बडवीत येणारा पाहुणा. तो एकदा उतरला की चार महिने हवेतच पाणी. मृगाचे नक्षत्र तोंडावर आले असता वजन एकदाचे स्थिर झाले.

त्या महिन्यात पुतणीने आम्हांस धीर देण्यासाठी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी पट्ट्या आणि काचतंतू यांचीच घडविलेली होती. अभिलाष टॉमी यांची हकीकत तर अद्भुत आहे. २०१८ च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून ते जायबंदी झाले. पण २०२२ साली त्याच शर्यतीस पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. वाटेत नौका आपोआप दिशेवर ठेवणारे वाऱ्याचे यंत्र मोडले असता त्यांनी शौचालयाच्या दाराची फळी त्याच्या कामी लावली. हे ऐकून भावजय प्रथमच हसल्या, आणि "आपल्याकडे दार नको हो काढायला" म्हणाल्या. घरात होडीचा विषय निघून कोणी हसण्याची ती सात महिन्यांतील पहिली वेळ.

प्रत्यक्ष जोडकाम दोन पहाटांत झाले. पहाटेच, कारण एपॉक्सी राळेत हार्डनर मिसळला की ती स्वतःच तापते, आणि उन्हाळ्यात दुपारी भांड्यातल्या भांड्यातच दगड होते. कळसांस व घोड्यांस कारागीर स्वस्तातील पॉलिस्टर राळ वापरतो. परंतु जुन्या, पक्क्या झालेल्या अंगास एपॉक्सीची पकड अधिक, म्हणून ती त्याने पुण्याहून मागविली. दोन्ही घटक त्याने सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर तोलून घेतले. हार्डनर थोडा जास्त घातला तर लवकर सुकेल काय, असे आम्ही विचारले, तो म्हणाला, "सुकणारच नाही नीट. हे मीठ नाही, चवीपुरतं घालायला."

चीर तेवढी भरावी अशी आमची अजूनही समजूत होती. त्याने उलट चीर रुंद केली. टरफलाची जाडी चार मिलिमीटर. तिच्या बारापट, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर, असा दोन्ही बाजूंस त्याने ग्राइंडरने उतार काढला. पाहता पाहता केसाएवढ्या रेघेच्या जागी वीतभर खोलगट पन्हळ झाली आणि आमच्या पोटात गोळा आला. कारण विचारता त्याने सांगितले की, काठाला काठ लावून चिकटविलेला जोड पहिल्या हिसक्यास उघडतो. उतारावर थरावर थर बसले म्हणजे ओढ सगळ्या अंगावर वाटली जाते. मग पोकळीत नवा फोम, आणि त्यावर राळेत भिजविलेले काचेचे कापड, एकावर एक सहा पट्ट्या. काही थरांचे धागे उभे, काहींचे तिरपे, कारण सुकाणूस वाकही सोसावा लागतो आणि पीळही. प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे तो लहान रुळाने दाबून बाहेर काढी. काचेच्या भुकटीने आमच्या मनगटांस जी खाज सुटली ती तीन दिवस गेली नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला असे त्याने आधीच बजावले होते, हेही प्रांजळपणे नमूद करतो.

बोल्टांच्या भोकांचा बंदोबस्त आम्हांस सर्वांत आवडला. भोके त्याने आधी दुप्पट मोठी केली, घट्ट राळेने पार बुजवून टाकली, आणि राळ पक्की झाल्यावर त्या बुजविलेल्या गाभ्यातून नवी लहान भोके पाडली. आता बोल्टाच्या कडेने पाणी शिरले तरी त्यास राळेची भिंतच लागेल. फोमाची गाठ पडणार नाही. वर उन्हापासून रक्षणासाठी रंगाचे दोन हात.

लहानपणी पाठशाळेत पाठ केलेला अमरकोश या दिवसांत आम्हांस वारंवार आठवे. सुकाणू हा आपला शब्द मुळात अरबी 'सुक्कान'. कोकणकिनाऱ्यावरील खलाशांकडून तो मराठीत रुळला. संस्कृतात त्यास कर्ण म्हणतात, त्यावरून कर्णधार. अमरकोशात आणखी एक गमतीचा शब्द आहे, केनिपातक. 'क' म्हणजे पाणी; 'के', पाण्यात, जे पाडावयाचे ते केनिपातक. आमच्या केनिपातकाने व्युत्पत्ती फिरविली आणि पाणीच आपल्यात पाडून घेतले. हा विनोद आम्ही कारागिरास समजावून सांगितला. तो म्हणाला, "बरं आहे." आणि घोड्याची शेपटी बसवू लागला.

निघण्यापूर्वी पुतणीने हट्ट धरला की, परीक्षा झाल्याखेरीज सुकाणू नेणार नाही. तेव्हा डोके पाटास आवळून पाते मोकळे आडवे ठेवले, टोकास वीस किलो वाळूची पिशवी टांगली आणि ताणलेल्या दोरीपासून किती लवते ते मोजले. कापण्यापूर्वी याच परीक्षेत ते तीन बोटे लवले होते. आता अर्धे बोटही लवले नाही, आणि पिशवी काढताच जागेवर आले. वजन ६.४ किलो.

भाद्रपदात धरण भरले तेव्हा 'टिटवी' पुन्हा पाण्यात गेली. पहिल्या खेपेस पुतणी एकटीच गेली. काठापासून दूर नाही, वारा बेताचा. तिने होडी या अंगास, त्या अंगास, पुन्हा या अंगास वळविली. भावजय इतक्या वर्षांत प्रथमच काठावर आल्या होत्या. छत्री मिटून उभ्या होत्या, आणि पाऊस पडत होता. दुसऱ्या खेपेस पुतणीने आम्हांस होडीत बसविले व दांडा हाती दिला. आमच्या हातात तो थरथरत होता. पाण्याचा दोष नव्हता.

कारागिराने पात्याच्या टोकास एक भोक मुद्दाम राखून त्यात पितळी आटा बसविला आहे, आणि वर्षातून एकदा तो उघडून पाहण्यास सांगितले आहे. कोजागिरीच्या दिवशी दुपारी आम्ही सुकाणू उतरवून ओसरीवर आणले, खाली पांढरा कागद धरला आणि आटा सोडविला. नातू मोठ्याने आकडे मोजू लागला. शंभरापर्यंत मोजून झाले. कागद कोरडा होता. त्याने तो घडी घालून आपल्या दप्तरात ठेवला, आणि भावजयींनी दूध आटविण्यास पातेले काढले.